परराष्ट्र धोरणाचा समन्वय: आयुक्तांचा गट की कार्यालयांची साप्ताहिक बैठक?

परराष्ट्रविषयक काम अनेक खात्यांत विखुरलेले असेल आणि त्याला एका सूत्रात ठेवणारी व्यवस्था आखायची असेल, तर युरोपीय संघाने वापरलेल्या दोन पद्धती शेजारी ठेवून पाहाव्यात. लिस्बन करारानंतर संघाचे परराष्ट्र धोरण सांभाळणारे उच्च प्रतिनिधी हेच युरोपीय आयोगाचे, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाचे, उपाध्यक्ष झाले आणि २०११ पासून परराष्ट्र सेवा आयोगाबाहेर स्वतंत्रपणे काम करू लागली. परंतु व्यापार, विकाससाहाय्य आणि मानवतावादी मदत आयोगाच्याच महासंचालनालयांकडे (म्हणजे खात्यांकडे) राहिली. राजनय एका इमारतीत आणि पैसा दुसरीत, ही मूळ अडचण आहे.

२०१४ मध्ये तेव्हाच्या उच्च प्रतिनिधी फेडेरिका मोगेरिनी यांनी आपले कार्यालय आयोगाच्या मुख्यालयात, बर्लेमाँमध्ये हलवले आणि परराष्ट्राशी संबंधित आयुक्तांच्या (आयोगाच्या, मंत्र्यांसारख्या एकेक विषय सांभाळणाऱ्या सदस्यांच्या) गटाचे अध्यक्षपद घेतले. येथे निर्णय घेणारेच समोरासमोर बसत असल्यामुळे दिशा ठरवण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. रोजच्या कामावर मात्र तिची पकड राहत नाही.

डिसेंबर २०१९ पासून अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांच्या आयोगात सर्व आयुक्तांच्या कार्यालयांचे प्रतिनिधी दर आठवड्याला बाह्य समन्वय गटात एकत्र येऊ लागले. अध्यक्षांच्या आणि उच्च प्रतिनिधींच्या कार्यालयांनी मिळून सहअध्यक्षपद सांभाळायचे, ही यातील सर्वांत मोलाची तरतूद मला वाटते, कारण त्यामुळे परराष्ट्र सेवा पाहुणी न राहता यजमानांपैकी एक होते. आयुक्तमंडळापुढे येणाऱ्या विषयांची बाह्य बाजू येथे आधीच तपासली जाते, त्यामुळे ऊर्जा किंवा डिजिटल खात्याच्या प्रस्तावाचे परदेशांतील परिणामही वेळेत लक्षात येऊ शकतात. तरीही ९ ऑक्टोबर २०२३ रोजी आयुक्त ओलिव्हेर वार्हेयी यांनी पॅलेस्टिनींना मिळणारी सर्व देयके तत्काळ थांबवल्याचे परस्पर जाहीर केले आणि आयोगाला त्याच दिवशी खुलासा करावा लागला. कार्यालयीन पातळीवरची बैठक आयुक्ताला आवरू शकत नाही. ते काम त्याच्या बरोबरीचे आयुक्तच करू शकतात.

म्हणून एकच पद्धत निवडायची असल्यास मी साप्ताहिक बैठक निवडेन, आणि शक्य असल्यास तिच्या जोडीला आयुक्तांचा गट ठेवेन, जसा मोगेरिनींनंतरचे उच्च प्रतिनिधी जोसेप बोरेल यांच्या अध्यक्षतेखाली नव्या नावाने होता. निर्बंधांसारख्या विषयांत मात्र दोन्हींकडून फार अपेक्षा ठेवू नये. तेथे सदस्यदेशांचे एकमत लागते आणि निर्णय सदस्यदेशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत होतो.