टॉप-अप लागलाच नाही! १०डब्ल्यू-४० फुल्ली सिंथेटिकचे आठ महिने

इंजिन ऑइलची वीस लिटरची बादली, संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) फिल्टरसकट सतरा लिटर. उरलेले तीन लिटर टॉप-अपसाठी, म्हणजे मधेच पातळी उतरली तर ओतायला, केबिनमागे बांधून ठेवले, ते आठ महिन्यांनंतरही जसेच्या तसे. पाचव्या महिन्यातच 'सिंथेटिक टाका, टॉप-अप विसरा' असं काहीतरी लिहायचा बेत होता. बरं झालं, लिहिलं नाही.

गाडी म्हणजे ट्रक, बीएस-६, १६ टनी, सहा सिलिंडर. न्हावा शेवा, तळोजा, भिवंडी हा रोजचा रगाडा आणि आठवड्यातून एखादी चाकणची फेरी. ऑइल एपीआय सीके-४ दर्जाचं, लिटरला ४६० रुपये. त्याच कंपनीचं मिनरल १५डब्ल्यू-४०, तेही सीके-४, २९० रुपयांना मिळत होतं. म्हणजे एका भरण्याला २,८९० रुपये जास्त. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. सांगितला की बोलणं ब्रँडवरच अडतं, आणि इथला मुद्दा कुठल्याही चांगल्या कंपनीच्या बादलीला लागू आहे.

सातव्या महिन्यापर्यंत तक्रारीला जागा नव्हती. सकाळी इंजिन सुरू करताना आवाज मऊ, घाट चढून आल्यावरही प्रेशर स्थिर. ऑइल दहा-बारा दिवसांत काळं झालं, पण त्याने घाबरू नये. डिझेलचं ऑइल काळं व्हायलाच हवं. काजळी उचलून तरंगत ठेवणं हे त्याचं कामच आहे. दोन महिने मधासारखं दिसणारं ऑइल पाहिलं तर उलट शंका घ्यावी.

मग एका सोमवारी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली तर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या चार मिलिमीटर वर. कुणी थेंबभर टाकलेलं नाही. बादलीतले तीन लिटर तसेच.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "जास्त आहे ना, मग चांगलंच आहे. कमी झालं तर सांगा." दुसऱ्या फेरीला म्हणे, तुमच्याच ड्रायव्हरने ओतलं असेल. या दोन वाक्यांसाठी अर्धा दिवस गाडी उभी. तिथे कुणी डिपस्टिकचा वास जरी घेतला असता तरी पुरे होतं. डिझेलचा स्पष्ट वास येत होता. दोन बोटांत चोळलं तर ऑइल पाण्यासारखं सुटत होतं.

घरच्या घरी करायची आणखी एक चाचणी आहे. टीपकागदाचा किंवा कॉफी फिल्टरचा तुकडा रिकाम्या वाटीच्या तोंडावर आडवा ठेवायचा, म्हणजे मधला भाग कशालाच टेकत नाही. त्यावर गरम ऑइलचा एक थेंब टाकून रात्रभर तसाच सोडायचा. मध्ये काळा गोळा आणि कडेला काही नाही, तर ऑइलची काजळी उचलायची ताकद संपत आली. काळा रंग बाहेरपर्यंत एकसारखा फिका होत गेला तर ठीक. आणि सगळ्यात बाहेर तेलकट, अर्धपारदर्शक कडी उमटली तर डिझेल उतरलंय असं समजायचं. आमच्या कागदावर ती कडी बोटभर रुंद होती.

नमुना नवी मुंबईतल्या लॅबला दिला. खर्च साधारण २,००० रुपये. नमुना घेण्याची पद्धत महत्त्वाची, नाहीतर पैसे पाण्यात. इंजिन गरम असताना ड्रेन बोल्ट उघडायचा, पहिलं लिटरभर वाहू द्यायचं आणि मग मधल्या धारेतून कोरड्या, स्वच्छ बाटलीत दीडशे मिली घ्यायचं. बाटलीवर किलोमीटरबरोबर इंजिनचे तासही लिहायचे. ड्रेनच्या ट्रेमधून भरलेली बाटली देऊ नका, ट्रेतली मागची घाणही रिपोर्टात येते.

रिपोर्ट असा: १०० अंशांवर व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ११.४, नवीन असताना १४.२ होती. ४० ग्रेडची हद्द १२.५ पासून १६.३ पर्यंत, म्हणजे बादलीवर ४० लिहिलेलं ऑइल इंजिनमध्ये ३० होऊन फिरत होतं. डिझेल ५.८ टक्के. टीबीएन (ऑइलची आम्ल मारायची ताकद) १०.१ वरून ६.२, म्हणजे अजून निम्म्याच्या वर. ऑक्सिडेशन, म्हणजे ऑइलचं सडणं, अगदी कमी, काजळी बेताची. झिजेतून आलेलं लोखंड ६१ पीपीएम, या तासांना हद्दीत पण वरच्या अंगाला. सिलिकॉन, जे धुळीतून येतं, १४, म्हणजे एअर फिल्टर नीट काम करतोय. रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची धूळ रोज खाऊनही हा आकडा आला, हे विशेष.

आता हिशोब. संपमध्ये १७ लिटर, त्याचे ५.८ टक्के म्हणजे साधारण एक लिटर डिझेल. आमच्या डिपस्टिकवर मिन ते मॅक्स २५ मिलिमीटर आणि तेवढ्यात ३ लिटर. चार मिलिमीटर म्हणजे अर्धा लिटर वाढ. एक लिटर आत आलं आणि पातळी अर्ध्या लिटरनेच वाढली, म्हणजे अर्धा लिटर ऑइल जळून गेलं होतं. टॉप-अप लागला नाही तो डिझेल जागा भरत होतं म्हणून. ऑइलला न्याय द्यायचा तर एवढ्या तासांत अर्धा लिटर हे खाणं कमीच आहे. पण शून्य नाही. आणि 'शून्य' वाचूनच आम्ही सात महिने खूश होतो.

डिझेल येतं कुठून? डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरमध्ये) काजळी साचली की इंजिन ती जाळून टाकतं, त्यालाच सगळे रिजन म्हणतात. त्यासाठी एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. आमच्यासारख्या इंजिनात त्यासाठीचं जादा डिझेल सिलिंडरमध्येच, स्ट्रोकच्या शेवटी शेवटी, उशिरा मारलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगमधून खाली संपमध्ये उतरतं. हायवेला ऑइल तासन्‌तास गरम राहतं, बरंचसं डिझेल उडून जातं. इथे काय होतं? रिजन सुरू झालं की गाडी गेटच्या रांगेत, नाहीतर अवजड वाहनांची बंदी उठायची वाट बघत कडेला, आणि ड्रायव्हर चावी फिरवून चहाला. रिजन अर्धवट. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा डिझेल. स्कॅनर लावला तर शेवटच्या ४० पैकी १७ रिजन अर्धवट सुटलेली. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) टपकतात का याची टेस्ट करून घेतली, ते ठीक निघाले. ही टेस्ट आधी करा, कारण टपकणारा इंजेक्टर हेच लक्षण दाखवतो. काही गाड्यांत रिजनचं डिझेल एक्झॉस्टमध्ये वेगळ्या डोझरने मारतात. तुमची तशी असेल तर या वाटेने संपमध्ये डिझेल येणार नाही. तरीही पातळी वाढली तर इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंपाचं सील बघा.

वाढलेली पातळी नुसती दिसायला वाईट नसते. पातळ ऑइलचा थर बिग एंडच्या शेलवर (क्रँकच्या बेअरिंगवर) आणि टर्बोच्या बुशवर टिकत नाही. फारच वर गेलं तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून (इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ते टर्बोत जातं आणि इंजिन स्वतःचं ऑइल जाळत सुटतं. तेव्हा चावी बंद करूनही ते थांबत नाही.

इथे मत बदललं. ऑइल वाईट निघालं असं नाही. टीबीएन आणि ऑक्सिडेशन बघता ते आणखी बरंच चाललं असतं. पण सिंथेटिकचे जादा पैसे नेमके कशाचे? त्याचं बेस ऑइल उष्णतेत लवकर सडत नाही आणि थंडीत गोठत नाही, याचे. दुसऱ्या गुणाचा मुंबईत उपयोग काय? १५डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी (थंडीत इंजिन फिरेल का, याची) उणे २० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पंधरा-सोळा अंश झाले की लोक स्वेटर काढतात. आणि पहिला गुण वापरायच्या आतच डिझेलने ऑइल निकामी केलं. पाच-सहा टक्के डिझेल पडलं की चारशे साठवालंही पातळ आणि दोनशे नव्वदवालंही पातळ.

दुसरी चूक आमची: किलोमीटर मोजले. आठ महिन्यांत २४,००० किलोमीटर. मॅन्युअलमधला ऑइल बदलीचा आकडा याच्या कितीतरी पुढे, म्हणून निर्धास्त. पण इंजिनचे तास झाले होते १,३८०. सरासरी ताशी साडेसतरा किलोमीटर! हायवेवर ताशी ४५ ने पळणारी गाडी तेवढ्या तासांत ६२,००० करते. रांगेत केबिनच्या एसीसाठी इंजिन चालू असतं तेव्हा किलोमीटरचा काटा हलत नाही, ऑइलचं आयुष्य मात्र जातच असतं. बंदराच्या आणि शहराच्या कामाला ऑइल तासांवर बदला. इन्स्ट्रुमेंट क्लस्टरमध्ये इंजिन अवर्स सापडतात, बटण दाबून शोधावे लागतात एवढंच.

आम्ही आता ६०० तास धरलेत. त्या हिशोबाने सिंथेटिकचे ७,८२० रुपये, म्हणजे तासाला १३ रुपये. मिनरल सीके-४ चे ४,९३०, म्हणजे तासाला ८ रुपये २० पैसे. सिंथेटिक खरंच १,३८० तास चाललं असतं तर तासाला ५ रुपये ६७ पैसे पडले असते, आणि हे लिहायची वेळ आली नसती. ज्यांची गाडी न्हावा शेवा ते नागपूर एका दमात पळते, रिजन रस्त्यातच पूर्ण होतं, त्यांनी खुशाल सिंथेटिक टाकावं. त्यांच्या हिशोबात ते स्वस्त पडेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही भावात करू नका: बीएस-६ गाडीत सीआय-४. सीके-४ मध्ये सल्फेटेड राख जास्तीत जास्त १ टक्का, जुन्या सीआय-४ ला तशी मर्यादा नाही. काजळी जळते, राख जळत नाही. ती डीपीएफमध्येच साठत जाते आणि मग फिल्टर उतरवून साफ करण्याचा खर्च अंगावर येतो. उलट बाजूने हरकत नाही. बीएस-३, बीएस-४ गाडीत सीके-४ चालतं. कमी टीबीएनची भीती जुन्या डिझेलच्या काळातली. एप्रिल २०२० पासून पंपावरच्या डिझेलमध्ये आम्ल बनवणारं गंधक जास्तीत जास्त १० पीपीएमच असतं. मात्र बायोडिझेलच्या नावाने कडेला विकलं जाणारं काहीबाही भरत असाल तर टीबीएनची काळजी जरूर करा, आणि बाकीचीही. आणखी एक, बादलीवर 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी' लिहिलं असेल तर फुल्ली सिंथेटिक समजून पैसे देऊ नका. ते बहुधा मिश्रण असतं.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी थोडक्यात, कारण वसई-पालघरकडून हा प्रश्न नेहमी येतो. ५० एचपीच्या आतल्या नेहमीच्या ट्रॅक्टरला डीपीएफ नसतो. त्याला १५डब्ल्यू-४० मिनरल, २५० तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. भाताच्या चिखलणीपुरता आणि ट्रॉलीपुरता ट्रॅक्टर वर्षाला तीनशे तासही चालत नाही. तिथे सिंथेटिक टाकून ते वर्षाने ओतून देणं म्हणजे पैसे बांधावर सांडणं. चिखलणीनंतर डिपस्टिक जरूर बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. ऑइल बाथ एअर क्लीनर असेल तर वाटीत खुणेपर्यंत साधं नवीन इंजिन ऑइल घाला. आणि मागच्या गिअर-हायड्रॉलिकमध्ये, विशेषतः ऑइलमधले ब्रेक असतील तर, इंजिन ऑइल अजिबात नको. तिथलं ऑइल वेगळं येतं, चुकीचं पडलं की ब्रेक किंचाळतात. ५० एचपीच्या वरचे, जानेवारी २०२३ नंतरच्या ट्रेम-४ प्रदूषण नियमांचे ट्रॅक्टर मात्र मॅन्युअल बघूनच.

बदली करताना इंजिन वीस मिनिटं चालवून गरम करा, गाडी सपाटीवर, ड्रेन अर्धा तास उघडा ठेवा. बोल्टचं तांब्याचं वॉशर नवीन टाका. दहा-वीस रुपयांचं वॉशर वाचवायला जुनंच आवळतात आणि मग वर्षभर थेंब पुसत बसतात. फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पान्हा नको. भरून झाल्यावर दोन मिनिटं आयडल, बंद, पंधरा मिनिटं थांबून मग डिपस्टिक. रिकाम्या बादलीला खिळ्याने भोक पाडा. भंगारवाला अखंड बादलीला जास्त भाव का देतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे: तीत नकली ऑइल भरलं जातं.

सध्या आत मिनरल १५डब्ल्यू-४० सीके-४ आहे. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय की रिजनचा दिवा पेटला की चावी बंद करायची नाही. रांगेत अडकलाच तर मोकळी, पालापाचोळा नसलेली जागा बघून उभ्या गाडीचं रिजन पूर्ण करायचं. डिपस्टिक दर सोमवारी, इंजिन सुरू करण्याआधी, आणि पातळी मिलिमीटरमध्ये वहीत. पहिल्या ४०० तासांत पातळी अडीच मिलिमीटरने उतरली. वास नाही, कागदावर कडी नाही. सिंथेटिकच्या त्या उरलेल्या तीन लिटरमधलं तीनशे मिली काल पहिल्यांदा ओतलं. दोन्ही सीके-४, मिसळायला हरकत नाही.