उन्हाळ्यात घरात सायकल: झ्विफ्टला वॉच जोडून दोन महिने वापरलं त्याबद्दल

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात काय होतं ते इकडच्यांना सांगायला नको, सकाळी साडेसातला रस्ता तापायला लागतो आणि दुपारी पारा ४४-४५ला टेकतो. थंडीत आमचं मस्त चालतं, पहाटे निघायचं, मेहरूण तलावाला चक्कर मारायची, रविवारी पद्मालयापर्यंत जायचं नाहीतर अजिंठ्याचा रस्ता धरायचा. पण एप्रिल लागला की ग्रुपमधले एकेक जण कमी होतात आणि सायकली जूनपर्यंत गॅलरीत धूळ खातात. यंदा तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवलं, म्हणून एका मित्राकडून त्याचा पडून असलेला मॅग्नेटचा ट्रेनर आणला (मागचं चाक त्यावर ठेवून सायकल जागेवरच चालवायचा स्टँड), एक स्पीड सेन्सर घेतला, लॅपटॉपवर झ्विफ्ट, म्हणजे घरातली सायकल स्क्रीनवरच्या रस्त्यांवर पळवणारं ॲप, टाकलं आणि हातात आधीपासून असलेलं वॉच त्याला जोडलं. वॉच चार वर्षं जुनं आहे.

पहिल्या दिवशी मोठी माय दारात उभी राहून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "कोठे जाई राहिना रे भाऊ, सायकल तं जागावरच शे." तिला स्क्रीनवरचा वाटोपिया, म्हणजे झ्विफ्टमधलं काल्पनिक बेट, दाखवला, समुद्र, ज्वालामुखी वगैरे, तर खुर्ची ओढून बसलीच.

आता मुद्द्याचं, कारण खूप जणांचा इथेच घोळ होतो. नुसतं वॉच जोडून झ्विफ्टमधली सायकल हलत नाही. वॉच फक्त तुमचे ठोके पाठवतं, सायकल पुढे न्यायला पॉवर (पेडल मारायचा जोर, वॅटमध्ये) नाहीतर स्पीड सांगणारं दुसरं काहीतरी लागतंच. स्मार्ट ट्रेनर असेल तर तो स्वतःच पाठवतो आणि चढ आला की पेडल जडही करतो. माझ्यासारखा साधा ट्रेनर असेल तर मागच्या चाकाला स्पीड सेन्सर लावायचा, ॲपमधल्या यादीतून ट्रेनरचं मॉडेल निवडायचं, मग ते चाकाच्या वेगावरून वॅटचा अंदाज काढतं. त्यासाठी टायरमधली हवा रोज मोजून तेवढीच ठेवायची, नाहीतर आकडे भरकटतात. चढावर पेडल जड होत नाही, स्क्रीनवरचा माणूस हळू होतो एवढंच. आल्प द्यु झ्विफ्ट नावाचा १२.२ किलोमीटरचा, १०३६ मीटर चढाईचा घाट आहे त्यात, फ्रान्समधल्या आल्प द्युएझवरून बनवलेला, २१ वळणांचा. तो मी अजून पूर्ण केलेला नाही पण करणार आहे.

वॉच जोडायला मला दोन संध्याकाळी लागल्या. वॉचवर ब्रॉडकास्ट हार्ट रेट, म्हणजे ठोके दुसऱ्या यंत्राला पाठवायचा पर्याय, चालू केला, वॉच दाखवतंय की पाठवतोय, आणि लॅपटॉपवर पेअरिंगच्या पानावर हार्ट रेटचा चौकोन रिकामाच. वॉच रीसेट केलं, लॅपटॉप बंद-चालू केला, काही नाही. नंतर कळलं की बऱ्याच जुन्या वॉचमधून ठोके फक्त अँट प्लसवर (सेन्सरसाठीची ब्लूटूथसारखीच दुसरी बिनतारी पद्धत) जातात आणि लॅपटॉपमध्ये असतं नुसतं ब्लूटूथ, म्हणजे दोघं वेगवेगळ्या भाषेत बोलून राहिले होते. अँट प्लसचा छोटा यूएसबी डोंगल लावला, एका मिनिटात काम झालं. डोंगल लॅपटॉपच्या मागे खुपसून ठेवू नका, यूएसबीची लांब वायर घेऊन सायकलच्या जवळ आणा, मग सिग्नल तुटत नाही. अँट प्लस, ब्लूटूथ आणि घरातलं २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय तिन्ही एकाच पट्ट्यात चालतात त्यामुळे अंतर कमी केलेलं बरं.

नवीन वॉच असेल तर ब्लूटूथवरूनही जातं, डोंगल लागत नाही. गार्मिनच्या बऱ्याच मॉडेलात व्हर्च्युअल रन म्हणून एक मोड आहे, तो ट्रेडमिलवाल्यांसाठी आहे, ठोके, वेग आणि पावलांची गती तिन्ही ब्लूटूथवर पाठवतो, सायकलवालेही तो लावून नुसते ठोके घेतात. ॲपल वॉच असेल तर फोनवर झ्विफ्टचं कम्पॅनियन ॲप टाकायचं, त्यातून जातं. दोन-अडीच हजाराचं वॉच घेणार असाल तर आधी दुकानातच ब्रॉडकास्टचा पर्याय मेनूत आहे का ते बघून घ्या, नसेल तर ठोके वॉचवर दिसतील पण ॲपमध्ये येणार नाहीत. आणि ब्लूटूथवाला सेन्सर बहुतेक वेळा एकाच ॲपला चिकटतो, फोनवर दुसरं एखादं सायकलचं ॲप उघडं राहिलं तर लॅपटॉपला काहीच सापडत नाही, ते आधी बंद करा.

पण हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळं आहे.

सुरुवातीला, गरमी वाढायच्या आधी, मी १४० वॅटला अर्धा तास चालवली तर ठोके १३८च्या आसपास राहायचे. मे महिन्यात तेच वॅट, टायरमध्ये तेवढीच हवा, आणि विसाव्या मिनिटाला ठोके १५६, पुढे वाढतच चालले. पाय म्हणत होते की दम आहे अजून. माझं वय ४४, २२० वजा वय हा ढोबळ हिशोब धरला तरी १७६ येतात, आणि मी सहज चालवायला बसलो होतो. गरमीत शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे जास्त जातं, घामाने अंगातलं पाणी कमी होतं, मग प्रत्येक ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं म्हणून हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. हे वाचलेलं होतं, पण वॅट आणि ठोके शेजारी शेजारी एकाच स्क्रीनवर चालताना बघितल्यावर खरं समजलं. नुसते वॅट बघत बसलो असतो तर तासभर ओढत राहिलो असतो.

त्यातून कूलरचंही कळलं. आपल्याकडे सगळ्यांचा एकच उपाय, खोली बंद करून कूलर लावायचा. मी तसंच करायचो आणि अंगावर गार वारा असूनही ठोके चढतच राहायचे. मग एक दिवस समोरची खिडकी उघडी टाकली आणि दार अर्धं उघडं ठेवलं, कूलर तिथेच. त्या दिवशी त्याच १४० वॅटला ठोके ८-९ने खाली. बंद खोलीत कूलर हवेत पाणीच भरत राहतो, दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. नंतर चार-पाच वेळा आलटून पालटून करून बघितलं, दरवेळी तसंच. आता कूलरच्या जोडीला साधा टेबल फॅन सरळ छातीवर असतो आणि खिडकी उघडीच असते, आणि १५० ओलांडले की मी वेग कमी करतो, नाही उतरले तर उतरून पाणी पितो.

मनगटावरचे ठोके किती खरे, असं ग्रुपमध्ये दोघांनी विचारलं. एका लयीत चालवताना चांगले येतात, घरात खड्डे नाहीत त्यामुळे बाहेरपेक्षा बरेच. पण ३० सेकंद जोरात मारायचं आणि थांबायचं असं करत असाल तर वॉच मागे पडतं, तुमचं जोरात मारून संपतं तेव्हा आकडा वर जातो. त्याला छातीचा पट्टाच हवा. वॉच मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधायचं. हँडल धरताना मनगट मोडलं की सैल पट्ट्यातून उजेड शिरतो आणि आकडा वेडावाकडा पळतो.

लाईट गेली तर माझा ट्रेनर चालतोच, त्याला वीज लागत नाही, लॅपटॉप बॅटरीवर. राऊटर बंद पडला की स्क्रीनवरचे बाकी सायकलवाले गायब होतात, आपली राइड चालू राहते. फॅन आणि कूलर मात्र बंद होतात, तेव्हा मी थांबतो.

वॉचवर वेगळी ॲक्टिव्हिटी सुरू करून तीही सेव्ह करू नका, स्ट्राव्हावर (राइड नोंदवायचं ॲप) एकच राइड दोनदा चढते. झ्विफ्टकडून जाऊ द्या.

पाचातले साडेचार देतो, अर्धा कापला तो त्या दोन संध्याकाळींसाठी. फी महिन्याची आहे, पाऊस पडून रस्ते गार झाले की मी बंद करणार आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा सुरू करणार. कोणाला साधा ट्रेनर, स्पीड सेन्सर, डोंगल हे सगळं जोडलेलं बघायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर घरी या, मोठी माय चहा केल्याशिवाय सोडणार नाही.