‘चालवून दाखवलेल्या’ जुन्या जॉ क्रशरमध्ये झालेली फसवणूक

मशीन म्हणजे जॉ क्रशर, दोन जबड्यांत दगड दाबून खडी करणारा. तोंड 30×20 इंची, जुनं. विकणाऱ्याने ते बंद अवस्थेत गळ्यात मारलं नाही. चांगला अर्धा तास दगड घालून चालवून दाखवलं. ताशी 100 टनांचा दावा होता आणि बेल्टवरून खडी धो धो पडत होती. आवाज शांत, रंग ताजा. सौदा तिथेच ठरला आणि मशीन गाडीत चढायच्या आधीच सगळी रक्कम दिली गेली. नव्या जागी बसवल्यावर नवव्या दिवशी बेअरिंग जळालं. मशीन खोललं तेव्हा एकेक लबाडी बाहेर आली. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरेदीआधी एका दिवसात, साध्या हत्यारांनी पकडता आली असती. जुना क्रशर बघायला निघालेल्यांसाठी ती सगळी इथे देत आहोत.

सगळ्यात मोठी फसवणूक त्या अर्ध्या तासाच्या प्रात्यक्षिकातच होती. जबडे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात तेव्हा खालच्या तोंडाशी जी फट उरते ती सेटिंग. एका प्लेटच्या दाताच्या टोकापासून समोरच्या प्लेटच्या खाचेपर्यंत ती मोजतात. काम 60 मिमीला करायचं होतं. दाखवताना सेटिंग होती 100 मिमी, आणि ती कोणी मोजलीच नाही. सेटिंग 50 वरून 100 वर नेली की तेच मशीन साधारण दुप्पट माल देतं, फक्त तो माल जाड असतो. वरून घातलेला दगडही निवडलेला होता: मऊ चुनखडी, त्यातले बरेच तुकडे मुठीएवढे. मुठीएवढा दगड 100 मिमीच्या फटीतून फुटल्याशिवाय सरळ खाली जातो. म्हणजे बेल्टवर दिसणाऱ्या मालातला बराचसा भाग क्रशरने फोडलेलाच नव्हता. काळा पाषाण मऊ चुनखडीच्या दुप्पट-तिप्पट दाब सहन करतो, त्यामुळे त्याच्यावर हाच आकडा निघणं शक्य नव्हतं.

खरी चाचणी घ्यायची तर दगड तुमच्या खाणीतला न्या, किमान दोन गाड्या. 20 इंची तोंडाला सगळ्यात मोठा डबर त्याच्या 80 ते 85 टक्के, म्हणजे 400 ते 430 मिमीपर्यंत चालतो. तसले दगडही त्यात असू द्या. सेटिंग मोजण्यासाठी मशीन बंद करा, वीज तोडून स्विचला कुलूप लावा, फ्लायव्हील हाताने फिरवून जबडा मिटवा आणि मग खालून माप घ्या. चालू तोंडावर वाकून कोणीही बघायचं नाही, विकणारा कितीही बिनधास्त वाकत असला तरी.

माल किती पडतो हे डोळ्यांनी ठरवू नका. वरून दगड एकसारखा पडत असताना बेल्ट भरलेला थांबवा, तो चालू होणार नाही याची खात्री करा आणि बरोबर एक मीटर लांबीवरचा सगळा माल, खालच्या भुकटीसकट, घमेल्यात ओढून वजन करा. ते किलो गुणिले बेल्टचा वेग (मीटर प्रति सेकंद) गुणिले 3.6, की ताशी टन मिळतात. आपल्या दगडावर, 60 मिमीला, एका मीटरवर भरले 10 किलो. बेल्टचा वेग 1.25. म्हणजे ताशी 45 टन. वजन तीन वेळा घ्या, एका वेळच्या आकड्यावर विसंबू नका.

बेअरिंगची लबाडी ग्रीसमध्ये लपलेली होती. हाउसिंग, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं घर, घट्ट ग्रीसने ठासून भरलं की झिजलेल्या रोलरची खरखर काही काळ दबते. अर्ध्या तासात एवढं जड हाउसिंग नीट तापतही नाही, त्यामुळे हात लावून काहीच कळत नाही. रिकामं मशीन किमान चार तास चालवा आणि चारही बेअरिंगांचं तापमान दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर गनने लिहून ठेवा. चांगलं बेअरिंग चढून एका आकड्यावर स्थिरावतं. ज्याचा आकडा चढतच राहतो, किंवा जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असतो, ते संशयित. मग मशीन बंद करून कव्हर काढायला लावा आणि भार नसलेल्या बाजूच्या रोलरवर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. खोलल्यावर या मशीनमधली ही फट बेअरिंग कंपनीच्या तक्त्यातल्या कमाल आकड्याच्या दुपटीहून जास्त निघाली. काढलेलं ग्रीस बोटांत चोळून बघा. चमचमती कणी लागली तर पुढे बोलायची गरज नाही.

टॉगल प्लेट, म्हणजे हलत्या जबड्याच्या आणि बॉडीच्या मागच्या बीमच्या मध्ये टेकलेली प्लेट, बघताना मात्र घाई करू नका. ही प्लेट मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, जबड्यात लोखंड अडकलं की तिने तुटायचं आणि शाफ्ट, बेअरिंग, बॉडी वाचवायची. या मशीनमध्ये तिच्या दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या वेल्ड केलेल्या होत्या. ‘आता तुटत नाही’ हे कौतुकाने सांगितलंही गेलं होतं. तुटत नाही म्हणजे प्रत्येक दणका मागच्या बीमवर जात होता. तो बीम आणि बाजूची प्लेट जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बोटभर रुंद पुट्टी होती, वर नवा रंग. खरवडल्यावर खाली जुनं वेल्डिंग, आणि वेल्डिंगच्या कडेने पुन्हा गेलेला केसाएवढा तडा.

अशी जागा शोधायला साधं लोहचुंबक पुरतं: पोलादावर टक्कन बसतं, जाड पुट्टीवर सैल पडतं. हातोडीने ठोकलं की आवाजही बद्द येतो. संशय आलेला भाग पॉलिशपेपरने धातूपर्यंत साफ करा, लाल डाय पेनेट्रंट (तड्यात शिरणारा पातळ रंग) मारा, 10 ते 20 मिनिटं थांबा, पुसा, मग पांढरा डेव्हलपर फवारा. तडा असेल तर लाल रेघ आपोआप वर येते. बेअरिंग हाउसिंगचे कोपरे आणि टॉगल सीटची (टॉगल प्लेट टेकते त्या जागेची) मागची बाजू, दोन्हीकडे हे करा. साहित्य स्प्रेच्या तीन डब्यांत मावतं.

जॉ प्लेटा ‘नव्या मॅंगनीजच्या’ म्हणून दिल्या होत्या. अस्सल मॅंगनीज पोलादात 11 ते 14 टक्के मॅंगनीज असतं आणि त्याला चुंबक धरत नाही. ओतीव प्लेटच्या सालीवर थोडी ओढ लागू शकते, म्हणून कडेला ग्राइंडरने 2–3 मिमी आत जाऊन मगच चुंबक लावा. इथे ते आतही घट्ट चिकटलं. पण चुंबक चिकटलं नाही म्हणजे प्लेट पास, असंही समजू नका. साधारण 1000 ते 1100 अंशांवरून पाण्यात झटकन थंड केलेली नसेल तर मॅंगनीजची प्लेटही ठिसूळ राहते, आणि हे चुंबकाला कळत नाही. त्यासाठी उष्णता-प्रक्रियेचा दाखला मागावा लागतो. वापरलेल्या प्लेटा उलटवून झीज लपवतात, तेव्हा दातांची उंची वर, मध्ये आणि खाली, तिन्हीकडे मोजा.

मोटरीवर पाटी 55 किलोवॉटची होती. पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत अंतर 225 मिमी. प्रमाणित चार पोलच्या मोटरीत 55 किलोवॉटला ते 250 असतं. 225 ची फ्रेम 37 किंवा 45 किलोवॉटची. पाटीचे रिव्हेट नवे होते.

करार करताना ‘ताशी 100 टन’ एवढंच लिहून घेतलं तर तो आकडा कोणत्याही दगडावर, कोणत्याही सेटिंगला खरा ठरवता येतो. दगड कोणता, कमाल आकार किती, सेटिंग किती मिमी, सलग किती तास आणि बेअरिंगचं कमाल तापमान किती, हे पाचही आकडे त्याच ओळीत हवेत. रकमेचा मोठा हिस्सा आपल्या जागेवर, आपल्या दगडावर ही चाचणी होईपर्यंत राखून ठेवा. गाडी भरताना बेअरिंगांचे नंबर, मोटरीची पाटी आणि बॉडीवरची सगळी वेल्डिंग यांचे फोटो काढून दोघांच्या सह्या घ्या. पुट्टी खरवडायला किंवा बेअरिंगचं कव्हर उघडायला विकणारा तयार नसेल, तर आगाऊ रक्कमही देऊ नका.