ज्युनिअर विश्वचषकात कोण चमकले, कोण फिके पडले: संघ निवडणाऱ्यासाठी तुलना

संघात जागा एक आणि दावेदार दोन. एकाने स्पर्धेत आठ गोल मारलेत, दुसऱ्याने चार, पण त्या चारांतला एक उपांत्यपूर्व सामना जिंकून देणारा. जिल्ह्याचा संघ असो, विद्यापीठाचा असो की अकादमीचा, निवडणाऱ्यापुढे हा पेच दरवर्षी येतो. २१ वर्षांखालच्या हॉकीत तो जास्तच अवघड होतो, कारण या वयोगटात संघासंघांतली तफावत प्रचंड असते. एका दिवशी १३ गोल होतात आणि दोन दिवसांनी एका गोलासाठी साठ मिनिटं जीव काढावा लागतो. हे समजून घ्यायला भुवनेश्वरला कलिंगा स्टेडियमवर झालेला २०२१ चा ज्युनिअर विश्वचषक फार उपयोगी आहे. अर्जेंटिना जिंकली, जर्मनी दुसरी, फ्रान्स तिसरा, भारत चौथा. त्या स्पर्धेतल्या खेळाडूंच्या जोड्या शेजारी शेजारी ठेवून बघू. जोडीला २०२३ च्या क्वालालंपूरच्या स्पर्धेतले एक-दोन प्रसंगही घेऊ.

संजय आणि क्लेमां

दोघेही पेनल्टी कॉर्नरवर (बचावाच्या चुकीबद्दल गोलासमोर मिळणारी ठरावीक संधी) गोल मारणारे. भारताच्या संजयने गटातल्या तीन सामन्यांत आठ गोल केले: फ्रान्सविरुद्ध तीन, कॅनडाविरुद्ध तीन, पोलंडविरुद्ध दोन. बाद फेरीत त्याच्या नावावर एकही गोल नाही. फ्रान्सचा कर्णधार तिमोते क्लेमां याने भारताविरुद्ध दोनदा हॅटट्रिक केली, पहिल्याच सामन्यात आणि मग थेट कांस्यपदकाच्या लढतीत. पहिला सामना फ्रान्सने ५-४ असा जिंकला, दुसरा ३-१ असा. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

एवढंच वाचलं तर 'क्लेमां मोठ्या सामन्याचा, संजय गटापुरता' असा शेरा मारून मोकळं होता येईल. पण घाई नको. संजयचे गोल कोणत्या मिनिटाचे होते ते बघा. फ्रान्सविरुद्ध भारत २-५ असा मागे होता. ५७ व्या आणि ५८ व्या मिनिटाला लागोपाठ दोन पेनल्टी कॉर्नर त्याने जाळ्यात घातले आणि सामना ४-५ वर आणला. हरत्या सामन्याच्या शेवटच्या तीन-चार मिनिटांत, पाय जड झालेले असताना, फ्लिकची, म्हणजे स्टिकने चेंडू ओढून उचलत मारलेल्या फटक्याची, धार तशीच राहणं ही साधी गोष्ट नाही. कॅनडाचे तीन आणि पोलंडचे दोन यांना मात्र तेवढं वजन देता येणार नाही. ते सामने भारताने १३-१ आणि ८-२ असे जिंकले होते.

आता दुसरी बाजू. उपांत्य फेरीत फ्रान्स आणि अर्जेंटिना समोरासमोर आले. क्लेमां एका बाजूला, अर्जेंटिनाचा लाउतारो दोमेने दुसऱ्या बाजूला. स्पर्धेतले दोन जबरदस्त फ्लिकर एकाच मैदानात आणि साठ मिनिटांनंतर फलक ०-०. निकाल शूटआउटवर (एकेक खेळाडू विरुद्ध गोलरक्षक) लागला, अर्जेंटिना ३-१ ने पुढे गेली. त्या दिवशी क्लेमांही कोरा राहिला आणि दोमेनेही. पुढच्याच सामन्यात दोघांनी हॅटट्रिक केली. एका कोऱ्या सामन्यावरून खेळाडू निराशाजनक ठरवायचा असेल तर या दोघांनाही त्याच यादीत टाकावं लागेल.

संजयच्या बाद फेरीतल्या शून्याबद्दल आमचं मत असं आहे: निराशा झाली हे खरं, पण त्याचं सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारताने १५ व्या ते २५ व्या मिनिटांत चार गोल खाल्ले. चार गोलांचं ओझं डोक्यावर असताना प्रत्येक कॉर्नर गोल झालाच पाहिजे असं होऊन बसतं. मग फ्लिकर ठरवलेली बाजू सोडून जोराच्या मागे लागतो, आणि जोराने मारलेला सरळ चेंडू गोलरक्षकाला सगळ्यात सोपा जातो. पुढे हाच संजय पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात बचावपटू म्हणून होता. २०२१ मधल्या फक्त शेवटच्या तीन सामन्यांवर कुणी त्याला बाद ठरवलं असतं, तर मोठी चूक झाली असती.

बुकेन्स आणि दोमेने

सर्वाधिक गोल नेदरलँड्सच्या मायल्स बुकेन्सचे, तब्बल १८. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण डच संघाने कोरियाला १२-५ आणि अमेरिकेला १४-० असं हरवलं होतं, म्हणजे दोन सामन्यांत संघाचे २६ गोल. उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिना समोर आली आणि नेदरलँड्सचा प्रवास १-२ असा तिथेच थांबला.

दोमेनेचा एकूण आकडा बुकेन्सच्या जवळपासही नाही. त्याने अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध १० व्या, २५ व्या आणि ५० व्या मिनिटाला, तिन्ही वेळा पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. त्यातला तिसरा नीट बघा. जर्मनीने ३६ व्या आणि ४७ व्या मिनिटाला गोल करून २-२ अशी बरोबरी साधली होती. सामना पूर्ण त्यांच्याकडे झुकला होता. बरोबरीनंतर तिसऱ्याच मिनिटाला दोमेनेने पुन्हा आघाडी मिळवून दिली. शेवटच्या मिनिटाला फ्रांको आगोस्तिनीने चौथा गोल घातला. अर्जेंटिनाला २००५ नंतर पुन्हा हा चषक मिळाला.

यातून बुकेन्स कमी दर्जाचा ठरत नाही. दुबळ्या संघाविरुद्ध गोलांची रास घालणं हेही कौशल्यच आहे. गटात गोलफरक लागतो, आणि पुढे असताना भूक टिकवणं सगळ्यांना जमत नाही. तुमच्या स्पर्धेत साखळीचे सामने जास्त असतील आणि गोलफरकावर पुढे जायचं असेल, तर बुकेन्ससारखा खेळाडू घ्या. थेट बाद पद्धत असेल तर दोमेनेसारखा. पण वहीत दोघांचे गोल एकाच रकान्यात लिहू नका. कोणाविरुद्ध, किती फलक असताना आणि कितव्या मिनिटाला, हे तीन रकाने वेगळे आखा.

उत्तम आणि अरायजित

इथे दोन आघाडीवीर आहेत. अरायजितसिंग हुंदलने २०२१ मध्ये कॅनडाविरुद्ध तीन आणि पोलंडविरुद्ध दोन असे पाच गोल केले, बाकीच्या सामन्यांत शून्य. उत्तमसिंगचेही गोल पाचच, पण फ्रान्स, कॅनडा, पोलंड आणि उपांत्य फेरीत जर्मनी अशा चार संघांविरुद्ध विखुरलेले. तेव्हाच्या कामगिरीवर दोघांत एक निवडायचा तर आम्ही डोळे मिटून उत्तमला घेतलं असतं. २०२३ मध्ये तो कर्णधार होता. नेदरलँड्सविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात ५७ व्या मिनिटाला भारताचा विजयी चौथा गोल त्याचाच.

अरायजित मात्र वाढत गेला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याच २०२३ च्या सामन्यात ३६ व्या मिनिटाला त्याने बरोबरी करून दिली आणि २०२४ च्या ज्युनिअर आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध भारताच्या पाच गोलांपैकी चार त्याने केले. सतराव्या-अठराव्या वर्षी दुबळ्यांविरुद्धच गोल करणारा मुलगा विसाव्या वर्षी अंतिम सामना जिंकून देऊ शकतो. म्हणून वय लिहिल्याशिवाय शेरा लिहू नये.

जाता जाता एक गोष्ट आवर्जून सांगतो. नेदरलँड्सविरुद्धच्या त्या सामन्यात भारत ०-२ असा मागे असताना पहिला गोल महाराष्ट्राच्या आदित्य लालगेने केला, ३४ व्या मिनिटाला. गोलसंख्येच्या यादीत तो वर दिसणार नाही, पण ४-३ असा संपलेला सामना तिथून फिरला.

बाराला शून्य

निराशाजनक खेळाडू शोधताना सगळ्यात मोठी गफलत होते ती पेनल्टी कॉर्नरच्या हिशेबात. २०२३ च्या उपांत्य सामन्यात भारताला जर्मनीविरुद्ध १२ पेनल्टी कॉर्नर मिळाले आणि एकावरही गोल झाला नाही. सामना १-४ असा गेला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे फ्लिकरला दोष. पण कॉर्नर ही चार-पाच जणांची साखळी असते आणि कडी कुठे निसटली ते बघावंच लागतं.

चेंडू पुश होतो गोलरेषेवरून, जवळच्या खांबापासून किमान १० मीटरवरून. तो सर्कलच्या (गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या) बाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही, आणि सर्कलचा माथा गोलरेषेपासून १४.६३ मीटरवर. पुश उसळत गेला तर चेंडू थांबवणाऱ्या स्टॉपरची स्टिक हलते. चेंडू मेलेला थांबत नाही, हातभर पुढे-मागे होतो. फ्लिकरची पावलं मोजून ठेवलेली असतात. चेंडू त्याच्या पुढच्या पायाच्या रेषेत नसला की तो ओढण्याऐवजी ढकलला जातो आणि फ्लिक मधोमध, गोलरक्षकाच्या पॅडवर. प्रेक्षकाला दिसते ती फक्त फ्लिक. म्हणून कॉर्नर वाया गेला की चौघांपैकी नाव लिहा: पुश, स्टॉप, फ्लिक की समोरून धावत येणाऱ्या रशरने काढला.

हा रशर म्हणजे ज्युनिअर स्पर्धेतला सगळ्यात दुर्लक्षित हिरो. बचावाला गोलरक्षकासह पाचच जण गोलरेषेमागे असतात. पुश झाला की पहिला रशर सरळ फ्लिकरच्या अंगावर धावतो. तो एक बाजू अंगाने आणि स्टिकने बंद करतो, दुसरी बाजू गोलरक्षकाची. रशरने धाव वाकडी घेतली तर दोन्ही बाजू उघड्या पडतात आणि गोलरक्षकाला काहीच दिसत नाही. पुशच्या आधी सुटला तर त्याला मध्यरेषेवर पाठवतात, बदली मिळत नाही, आणि उरलेल्या चौघांवर भार येतो. २०२३ मध्ये नेदरलँड्सने शेवटच्या मिनिटांत बरोबरीसाठी लागोपाठ कॉर्नर मिळवले. भारताचा रोहित प्रत्येक वेळी त्या तोफेच्या तोंडी धावत गेला आणि मागे गोलरक्षक मोहित गोल राखून उभा राहिला. गोलांच्या यादीत रोहितच्या या धावांची कुठेही नोंद नाही. पुढे २०२५ च्या ज्युनिअर विश्वचषकात भारताचं कर्णधारपद त्यालाच मिळालं.

गोलरक्षकांबद्दल थोडक्यात. २०२१ चा सर्वोत्तम गोलरक्षक जर्मनीचा आंतोन ब्रिंकमान. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनविरुद्ध २-२ नंतर शूटआउटमध्ये जर्मनी तरली, आणि अंतिम सामन्यात जर्मनीच्या जाळ्यात चार चेंडू गेले. त्यातले तीन कॉर्नरवरचे. खाल्लेल्या गोलांची संख्या मोजून गोलरक्षक निवडू नये, एवढं यातून कळतं. मैदानी गोल आणि कॉर्नरचे गोल वेगळे मोजा.

तुमच्या निवडीला हे कसं लावायचं

दोन फ्लिकरांत अडला असाल तर सामन्यांच्या आकड्यांवर न थांबता एक चाचणी घ्या. दोघांना प्रत्येकी २० फ्लिक द्या, पुशर आणि स्टॉपर तेच ठेवून. पहिले ८ मोकळे. पुढचे ८ रशरसमोर, आणि बाजू तुम्ही ऐन वेळी सांगायची. शेवटचे ४ मुद्दाम बिघडवलेल्या स्टॉपवर, चेंडू वीतभर इकडेतिकडे. शक्य असेल तर हे सगळं सरावाच्या शेवटी, दमल्यावर घ्या. मोकळ्या आठांत दोघं सारखेच दिसतील. फरक पडतो तो रशर आल्यावर, आणि खरा फरक शेवटच्या चारांत, कारण सामन्यात चेंडू हवा तिथे क्वचितच थांबतो. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधा आणि कोणता फ्लिकर एकाच कोपऱ्यावर जगतो ते बघा. समोरचा संघ दुसऱ्या सामन्यापर्यंत ते ओळखतोच.

आघाडीवीरांसाठी चाचणीपेक्षा सामन्यांची वही बरी. बरोबरीत किंवा मागे असताना सर्कलमध्ये तो किती वेळा शिरला, कॉर्नर किती मिळवून दिले, हे गोलांइतकंच महत्त्वाचं धरा.

सुरुवातीला म्हटलेला चार गोलवाला कोण, ते आता सांगतो. शारदानंद तिवारी. कॅनडाविरुद्ध दोन, पोलंडविरुद्ध एक, आणि चौथा बेल्जियमविरुद्ध २१ व्या मिनिटाला कॉर्नरवर. उपांत्यपूर्व फेरीचा तो सामना भारताने त्या एका गोलावर १-० असा काढला, आणि उरलेली जवळपास चाळीस मिनिटं बचावाने किल्ला लढवला. आठवाला संजय आणि चारवाला शारदानंद, दोघेही मुळात बचावपटू. आमचा कौल विचाराल तर साखळी स्पर्धेला संजय, एका सामन्याच्या बोलीवर शारदानंद, आणि जागा दोन असतील तर दोघेही. कारण दोघांचीही फ्लिक चालली नाही त्या दिवशी ते मागे उभे राहून चेंडू अडवू शकतात. फक्त कॉर्नरपुरता मैदानात येणारा फ्लिकर मात्र मोठ्या वयोगटात जाताना अडतो. ऑलिंपिकच्या संघात १६ जणांनाच जागा असते, तिथे एका कामापुरता माणूस कुणी नेत नाही.