स्नो-मेल्ट ड्राइव्हवे: कॉन्ट्रॅक्टरचं पॅकेज घेण्याजोगं आहे का?

न्यू जर्सी, मिशिगन, मिनेसोटा किंवा टोरांटोच्या बाजूला घर असेल तर ही जाहिरात पाहिलेली असतेच: फावडं नको, मीठ नको, स्नो पडायला लागला की ड्राइव्हवे आपोआप मोकळा. ड्राइव्हवेच्या पोटातल्या नळ्यांमधून बॉयलरने तापवलेलं पाणी आणि ग्लायकॉलचं (सहज न गोठणारं द्रव) मिश्रण फिरवायचं, अशी ही यंत्रणा. हीटिंगची कामं करणारे बरेच कॉन्ट्रॅक्टर घरातल्या रेडियंट फ्लोअरच्या (फरशीखालच्या नळ्यांनी घर तापवायची पद्धत) जोडीला आता हेही विकतात. तंत्र जुनं आणि खात्रीचं आहे. मिशिगनमधलं हॉलंड गाव १९८८ पासून आपल्या बाजारपेठेतले रस्ते आणि फुटपाथ वीजकेंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर मोकळे ठेवतं. रेक्याविकमध्ये घरं तापवून परतलेलं कोमट पाणी फुटपाथखालून फिरवतात. त्यामुळे ‘हे चालतं का’ असं विचारायची गरज नाही. कॉन्ट्रॅक्टर नेमकं काय देतो ते बघायचं, आणि तिथे जमीन-अस्मानाचा फरक असतो.

कोटेशनचं पहिलं पान हमखास बॉयलरचं असतं: अमुक कंपनी, ९५ टक्के कार्यक्षमता, फोनवरचं अ‍ॅप. पण बॉयलर पंधरा-वीस वर्षांत बदलायचाच असतो, पंप त्याच्याही आधी. काँक्रीटखाली गेलेलं मात्र ड्राइव्हवे फोडल्याशिवाय पुन्हा दिसत नाही. आणि नेमकं त्याबद्दल कोटेशनमध्ये एखादी ओळ असते: ‘ट्यूबिंग अँड इन्सुलेशन अ‍ॅज रिक्वायर्ड’. त्या ओळीचा खुलासा लेखी मागावा. जो देतो त्याच्याशीच पुढचं बोलणं.

सुरुवात उष्णतेच्या हिशोबाने व्हायला हवी. तासाला एक इंच स्नो पडत असेल तर दर चौरस फुटावर अर्ध्या पौंडाहून थोडं जास्त पाणी गोठलेल्या रूपात येतं. ते नुसतं वितळवायला सुमारे ७५ बीटीयू (उष्णतेचं एकक) लागतात. वारा, बाष्पीभवन आणि जमिनीत जाणारी उष्णता धरली की घरगुती कामासाठी चौरस फुटाला तासाला १२५ ते १५० बीटीयू धरतात. २० बाय ४० फुटांच्या ड्राइव्हवेला, म्हणजे ८०० चौरस फुटांना, वरचा आकडा धरून १,२०,००० बीटीयू होतात. बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेलं मध्यम घर कडाक्याच्या थंडीतही याच्या निम्म्याच्या आसपास भागवतं. म्हणून ‘घरचाच बॉयलर आहे, एक झोन वाढवू’ म्हणणाऱ्याला आकडेमोड दाखवायला सांगावं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एकाच बॉयलरवर दोन्ही चालवता येतं, पण तो दोघांच्या बेरजेला पुरणारा हवा, किंवा घराला आधी उष्णता मिळेल असा प्राधान्यक्रम कंट्रोलमध्ये बसवायला हवा. नाहीतर बाहेर ड्राइव्हवे कोरडा आणि आत सगळे स्वेटर घालून बसलेले.

याच ड्राइव्हवेला नऊ इंचांच्या अंतराने ५/८ इंची पेक्स (चिवट प्लास्टिकची) नळी टाकली तर सुमारे १,०७० फूट लागते. तिचे पाच लूप, प्रत्येकी २१५ फुटांच्या आसपास. मॅनिफोल्डचे (सगळे लूप जिथे येऊन जोडतात त्या मुख्य पाइपचे) पैसे वाचवायला काही जण तीनच लूप करतात. साडेतीनशे फुटांच्या लूपमध्ये शेवटच्या टप्प्यापर्यंत ग्लायकॉल गार होतं, पंपावरही ताण येतो, आणि ड्राइव्हवेचा एक कोपरा कायम पांढरा राहतो. अंतर बारा इंच केलं तर स्नो पट्ट्यापट्ट्यांनी वितळतो आणि मधल्या पट्ट्यांचा नंतर बर्फ होतो. नळीवर ऑक्सिजन बॅरियर असल्याचं छापलेलं हवं. साध्या, पिण्याच्या पाण्याच्या पेक्समधून हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत जातो आणि काही वर्षांत लोखंडी पंप आणि एक्स्पान्शन टँक गंजतात. दोन्ही नळ्या दिसायला सारख्याच, त्यामुळे गुंडाळी आली की छपाई स्वतः वाचावी.

नळीखाली एक ते दोन इंच जाडीची, निळी किंवा गुलाबी घट्ट फोमची शीट हवी, आणि स्लॅबच्या कडांनाही तीच. चंदेरी बबल फॉइल चालवून घेऊ नये. काँक्रीटखाली दबल्यावर त्या चंदेरी थराचा काही उपयोग उरत नाही, कारण समोर हवेची पोकळीच नसते. नळी पृष्ठभागापासून दोन ते तीन इंच खाली असावी. ती लोखंडी जाळीला बांधतात, आणि काँक्रीट ओतताना माणसं जाळीवर चालली की जाळी तळाला जाते. सहा इंची स्लॅबच्या तळाला गेलेली नळी वरचा थर तापवायला तासन्‌तास घेते. म्हणून जाळीखाली टेकू किती अंतरावर देणार हे विचारावं. प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण यावरूनच कॉन्ट्रॅक्टर मुरलेला आहे की नाही ते कळतं. एक्स्पान्शन जॉइंट (काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवलेली फट) ओलांडताना नळीवर बाही हवी, आणि जॉइंट करवतीने कापणाऱ्या माणसाला नळीची खोली आधी माहीत हवी.

काँक्रीट ओतताना नळ्यांमध्ये हवेचा दाब ठेवलेला असलाच पाहिजे, ६० ते १०० पीएसआय, आणि मॅनिफोल्डवरचा गेज सगळ्यांना दिसेल असा. फावड्याचा घाव बसला तर काटा लगेच पडतो आणि ओलं काँक्रीट बाजूला करून पाच मिनिटांत जोड देता येतो. दाब नसेल तर तीच गळती डिसेंबरात कळते. ओतण्याआधी नळ्यांचे फोटो, टेप धरून, घराच्या भिंतीपासूनची मापं दिसतील असे काढून ठेवायला सांगा. पुढे बास्केटबॉलचा खांब रोवायचा झाला तर तेच फोटो कामाला येतात.

डांबरी ड्राइव्हवेसाठी हे कॉन्ट्रॅक्टर हो म्हणतात, पण उत्साह दाखवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गरम डांबर ३०० अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं आणि पेक्सची मर्यादा २०० अंशांची. त्यामुळे नळी खडीच्या बारीक चुऱ्यात पुरून, डांबर टाकताना आतून गार पाणी फिरवावं लागतं. पेव्हरखालीही (अंथरलेल्या फरशीच्या विटा) जमतं, फक्त वाळूच्या थरातून उष्णता सावकाश वर येते. सगळ्यात भरवशाचं काँक्रीटच.

आत काय भरणार हेही लिहून घ्या. इनहिबिटर (गंजरोधक) मिसळलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल हवं. गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ नको, त्यातली रसायनं या कामासाठी नसतात आणि एथिलीन ग्लायकॉल विषारीही असतं. ४० टक्के मिश्रण साधारण उणे ६ अंश फॅरनहाइटला गोठायला लागतं, ५० टक्क्यांचं उणे २८ च्या आसपास. न्यू जर्सीत ४० टक्के पुरतं, मिनेसोटात ५० कडे झुकावं. जास्त घट्ट केलं की ते दाट होतं, उष्णताही कमी वाहून नेतं आणि पंप मोठा लागतो. आपल्या उदाहरणात मिनिटाला सुमारे दहा गॅलन प्रवाह लागतो.

या यंत्रणांमध्ये सर्रास दिसणारी चूक म्हणजे आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह. घरातल्या हीटिंगला तो सवयीने लावतात, तसाच इथेही लावून मोकळे होतात. मग नळीत बारीक गळती झाली की व्हॉल्व्ह गुपचूप पाणी भरत राहतो, दाब कमी होत नाही, कुणाला पत्ता लागत नाही आणि ग्लायकॉल पातळ होत जातं. कडाक्याच्या एखाद्या रात्री नळी गोठून फुटते. कुठेतरी पाणी मुरतंय हे अक्षरशः कळायला हवं असेल तर तो व्हॉल्व्ह काढून छोटी ग्लायकॉल फीडर टाकी बसवून घ्या. टाकीतली पातळी उतरली की गळती आहे.

बॉयलर कंडेन्सिंग (धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरणारा) असेल तर थंड होऊन परतणाऱ्या ग्लायकॉलचं त्याला वावडं नसतं. जुन्या पद्धतीच्या कास्ट आयर्न बॉयलरला मात्र परत येणारं पाणी साधारण १३० अंशांच्या वर लागतं, नाहीतर धुरातली वाफ आतच आम्लासारखी जमून त्याला खाते. गोठलेल्या स्लॅबमधून येणारं ग्लायकॉल तर जेमतेम ४० अंशांचं असतं. मध्ये मिक्सिंग किंवा प्लेट हीट एक्स्चेंजर नसलेलं कोटेशन परत पाठवावं.

कंट्रोलमध्ये काटकसर नको. का ते समजण्यासाठी एकच हिशोब पुरे: ८०० चौरस फुटांच्या चार इंची स्लॅबमध्ये ३८,००० पौंडांहून जास्त काँक्रीट असतं. ते १५ अंशांवरून ३६ अंशांवर आणायला सुमारे १,७०,००० बीटीयू लागतात, म्हणजे वरचा बॉयलर दीड तास नुसता स्लॅबच तापवत बसतो. तासाला एक इंच पडत असेल तर तोवर दीड इंच स्नो साचलेला. यावर उपाय म्हणजे आयडलिंग, स्लॅब २८ ते ३० अंशांवर तयार ठेवणं. पण अख्खा हिवाळा आयडल ठेवला तर बिल तिथेच फुगतं. अंदाज बघून वादळाच्या आदल्या रात्री आयडल चालू करता येईल असं कंट्रोल घ्यावं. भिंतीवरच्या साध्या टायमरवर ‘हे पण चालतं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये, कारण बंद करायला माणूस विसरतो.

स्नो ओळखणारा सेन्सर स्लॅबमध्ये बसतो. त्याचा माथा किंचित गरम असतो, त्यावर पडलेला स्नो वितळून ओल झाली की कंट्रोलला खबर जाते. तो छपराच्या वळचणीखाली किंवा गाडी उभी राहते तिथे बसवला तर यंत्रणा आंधळीच. त्याचा कप आणि वायरची नळी काँक्रीटआधी ठेवावी लागते, म्हणून जागा आधीच आखून द्या. छतावर लावायचा सेन्सर स्वस्त पडतो, पण वाऱ्याने शेजारच्या हिरवळीवरून उडून आलेला स्नो त्याला दिसत नाही.

वितळलेलं पाणी कुठे जाणार, याचं उत्तर निम्म्या कोटेशनमध्ये नसतं. उतार रस्त्याकडे असेल तर ते ड्राइव्हवेच्या तोंडाशी जाऊन गोठतं आणि तिथे काच तयार होते. गॅरेजसमोर किंवा खालच्या टोकाला जाळीचं गटार हवं, आणि त्याच्या खालून एक लूप गेलेला हवा. आणखी एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा: नगरपालिकेचा प्लाऊ (रस्त्यावरचा स्नो ढकलणारी गाडी) तोंडाशी जो दीड फुटाचा ढिगारा टाकून जातो, तो ही यंत्रणा झटकन वितळवत नाही. तेवढ्यापुरतं फावडं ठेवावंच लागतं. फुटपाथ आणि रस्त्यालगतचा पट्टा बहुधा सार्वजनिक हद्दीत येतो, तिथे नळी टाकायला वेगळी परवानगी लागू शकते. ती कोण काढणार हेही करारात हवं.

विजेचा पर्याय, म्हणजे नळ्यांऐवजी तापणाऱ्या केबल, छोट्या जागेसाठी उत्तम, पूर्ण ड्राइव्हवेसाठी नाही. चौरस फुटाला ५० वॉट धरले तर ८०० फुटांना ४० किलोवॅट, २४० व्होल्टवर सुमारे १६७ अँपिअर. घराचं सगळं पॅनलच बहुधा २०० चं असतं. गॅसवर हेच काम तासाला १.३ थर्म (गॅसच्या बिलातलं एकक, एक लाख बीटीयू) घेतं. थर्मला दीड डॉलर धरला तर दोन डॉलर. विजेवर युनिटला १८ सेंट धरले तर सात डॉलरच्या पुढे. पण चाकांखालचे दोन फूट रुंदीचे दोनच पट्टे केले तर १६० चौरस फूट, ८ किलोवॅट, ५० अँपिअरच्या ब्रेकरवर भागतं. बॉयलर नाही, ग्लायकॉल नाही, दर वर्षीची तपासणी जवळपास नाही. भारतातून हिवाळ्यात आई-बाबा येणार असतील तर दारापासून गाडीपर्यंतची वाट आणि पायऱ्या एवढ्याच विजेवर तापवणं हा सगळ्यात शहाणपणाचा खर्च. केबलचा रोध तीनदा मोजलेला हवा: खोक्यात, अंथरल्यावर आणि काँक्रीटनंतर, तिन्ही आकडे लिहून. ग्राउंड-फॉल्ट संरक्षणाचा ब्रेकर बंधनकारक आहे.

याच लोकांचं घरातलं रेडियंट फ्लोअर मात्र जवळजवळ नेहमी चांगलं निघतं, कारण तिथे हात बसलेला असतो. अर्धा इंची नळी, स्लॅबमध्ये नऊ ते बारा इंच अंतर, फरशीचा पृष्ठभाग ८५ अंशांच्या आत. तक्रार येते ती जाड गालिच्याखाली आणि सलग लाकडी पाट्यांखाली. लाकूड हवंच असेल तर इंजिनिअर्ड घ्या.

वार्षिक देखभालीचा करार घ्यावा, पण त्यात काय ते वाचून: रिफ्रॅक्टोमीटरने गोठणबिंदू, पीएच, एक्स्पान्शन टँकचा दाब, हवा काढणं, गाळणी साफ करणं आणि ऑक्टोबरात एकदा प्रत्यक्ष चालवून बघणं. पीएच सातच्या खाली गेला की ग्लायकॉल आम्लधर्मी झालेलं असतं, बदलावंच लागतं. ‘व्हिज्युअल इन्स्पेक्शन’ एवढंच लिहिलं असेल तर पैसे वाया.

स्नो-मेल्ट असलेलं जुनं घर विकत घेताना नुसतं चालू करून दाखवलं एवढ्यावर भागवू नका. मॅनिफोल्डशी नळी पाहा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या कामांत एन्ट्रान २ नावाची रबरी नळी वापरली जायची. ती कडक होऊन गळते म्हणून अमेरिकेत मोठे खटले झाले होते. ते नाव दिसलं तर ड्राइव्हवे नव्याने करायचा खर्च घराच्या किमतीतून वजा करूनच बोलणी करा. पेक्स असेल तर ग्लायकॉलचा नमुना काढून घ्या. चॉकलेटी रंगाचं आणि आंबट वासाचं निघालं तर त्याला बरीच वर्षं कुणी हात लावलेला नाही.