आरा गिरणीच्या मॉडेलसाठी घेतलेला इसार आणि चोरलेला आराखडा

मॉडेल रेल्वेचा छंद असणारी माणसे मराठवाड्यात थोडी आहेत आणि त्यांतील बहुतेक एकमेकांना केवळ फोनवरून ओळखतात. रूळ, इंजिने, इमारतींची किट यांपैकी जवळजवळ काहीच नांदेड, परभणी किंवा लातूरच्या बाजारात मिळत नाही. त्यामुळे आधी पैसे पाठवायचे आणि मग कित्येक आठवडे वस्तूची वाट पाहायची, हाच आमच्यातला रिवाज आहे. हा वाट पाहण्याचा काळ ओळखून एका माणसाने फसवणुकीची पद्धत बसवली आहे. माझे २५,५०० रुपये त्यात गेले. बीडच्या एका तरुणाचेही गेले, आणि त्याला फसवण्यासाठी माझाच आराखडा वापरला गेला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझा लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली छोटी रेल्वे, मुदखेड–किनवट–आदिलाबाद या मार्गावर आधारलेला आहे आणि हा मार्ग मीटर गेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला, होता त्या काळातला आहे. किनवटचा साग सर्वांना माहीत आहे. त्यामुळे स्थानकाच्या मागे एक साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेला बाजूचा रूळ, आणि तिच्या कडेला सागाचे ओंडके चिरणारी आरा गिरणी असावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ या प्रमाणात, अशा गिरण्यांची जी उत्तम किट निघतात ती प्रामुख्याने अमेरिकेतील असतात. त्यांत बासवुड या मऊ, हलक्या लाकडाच्या लेझरने कापलेल्या पातळ पट्ट्या असतात आणि यंत्रे पांढऱ्या धातूत किंवा रेझिनमध्ये ओतलेली असतात. छप्पर उचलले की आतली सगळी साखळी दिसते. ओंडका आधी गाड्यावर चढतो, ज्याला आपल्याकडच्या गिरण्यांत ट्रॉली म्हणतात. तो मुख्य आऱ्यातून पुढे जातो, नंतर कडा कापणारे यंत्र फळीच्या सालीकडच्या बाजू सरळ करते आणि शेवटी लांबी छाटली जाते. या क्रमासाठीच मला गिरणी हवी होती. बाहेरून पत्र्याची आणि आतून रिकामी शेड मी घरीही केली असती.

छंदिष्टांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात हा माणूस भेटला. एका मोठ्या शहरात आपले लेझर कटिंगचे यंत्र आहे आणि बासवुड आपण परदेशातून मागवतो, असे तो सांगत असे. त्याने पाठवलेली छायाचित्रे अप्रतिम होती: पट्ट्यांनी फिरणारी चाके, खाली साचलेला भुसा, गाड्यावर अर्धवट चिरलेला ओंडका. तो नम्रपणे बोलत असे, मला काका म्हणत असे आणि घाई मुळीच करत नसे. आपल्या गटात या घाई न करण्याचाच सर्वांत जास्त परिणाम होतो, कारण फसवणारा माणूस नेहमी घाई करतो असे आपण सगळीकडे ऐकलेले असते. ठरलेल्या किमतीच्या निम्मी रक्कम, १८,००० रुपये, मी इसार म्हणून पाठवली.

काही आठवड्यांनी आराखडा आला. त्यात दोन गोष्टी खटकल्या. साइडिंगच्या रुळांमधील अंतर १६.५ मिमी दाखवले होते, जे एचओमध्ये स्टँडर्ड गेजचे, म्हणजे मीटर गेजपेक्षा रुंद मार्गाचे, अंतर आहे. मीटर गेजला १:८७ ने भागले की सुमारे ११.५ मिमी येते आणि त्यासाठी १२ मिमीचा रूळ वापरतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. इमारतीची लांबी ९५ मिमी होती, म्हणजे प्रत्यक्षात सव्वाआठ मीटर. पाच मीटरचा ओंडका चिरायचा तर तो संपूर्ण आऱ्याच्या अलीकडे उभा राहिला पाहिजे आणि चिरून झाल्यावर संपूर्ण पलीकडे गेला पाहिजे. म्हणजे गाड्याच्या रुळालाच किमान दहा मीटर, मॉडेलमध्ये ११५ मिमी जागा लागते. त्या शेडमध्ये गिरणी चालूच शकत नव्हती. ज्याने असे एकही मॉडेल स्वतः जुळवले आहे, त्याच्या हातून ही चूक होणे कठीण आहे.

मी दोन्ही मुद्दे मोजमापांसह लिहून कळवले. त्याने आभार मानले आणि काही दिवसांत सुधारित आराखडा पाठवला. रूळ १२ मिमी, इमारत १५० मिमी, साइडिंगचे वळण माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला बसेल असे. माझ्या सूचना जशाच्या तशा उतरल्या होत्या, आणि म्हणूनच समोर जाणता कारागीर आहे असा विश्वास बसला. त्यानंतर लगेच निरोप आला, की बासवुड कस्टममध्ये अडकले आहे आणि माझ्या वाट्याचे शुल्क ७,५०० रुपये होते. तीही रक्कम गेली.

कस्टम शुल्काबद्दल येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. विक्रेत्याने स्वतःच्या नावावर मागवलेल्या मालाचे शुल्क हा त्याचा खर्च असतो; तो किमतीत धरलेला असतो. आपण स्वतः परदेशातून वस्तू मागवली तर शुल्क टपाल खात्याकडे किंवा कुरिअर कंपनीकडे, त्यांच्या कागदानुसार भरले जाते. एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर कस्टम कधीच वसूल होत नाही.

पुढे खरोखरच पार्सल आले. यातच या पद्धतीची खरी हुशारी आहे, कारण पार्सल पोहोचले की माल पोहोचवल्याचा पुरावा तयार होतो. धातूची ओतीव यंत्रे असलेल्या किटच्या मानाने खोका हलका वाटला, म्हणून तो किराणा दुकानातील काट्यावर ठेवला आणि मुलीने वजनापासून उघडण्यापर्यंतचे सगळे मोबाइलवर चित्रित केले. आत ३ मिमी जाडीच्या एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीचे, काही तुकडे आणि आइस्क्रीमच्या काड्या होत्या. एचओमध्ये ३ मिमी म्हणजे २६ सेंटीमीटर जाडीची फळी होते, तर इंचभर जाडीची फळी मॉडेलमध्ये ०.३ मिमीपेक्षाही पातळ असते.

तक्रार करताच त्याने क्षमा मागितली, चुकीचा खोका गेला म्हणाला आणि पैसे परत करण्यासाठी क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकला की रक्कम जमा होईल, असे त्याचे म्हणणे होते. यूपीआयमध्ये पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. मी पिन टाकला नाही आणि त्यानंतर त्याचा फोन बंद झाला.

बीडच्या तरुणाशी ओळख यानंतर झाली. तो नोकरी लागल्यावर पहिल्या पगारांतून पैसे साठवत होता आणि त्याला नॅरो गेजवर, बार्शी लाइट रेल्वेवर मॉडेल करायचे होते. ही गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली आणि तिचे गेज ७६२ मिमी होते. एचओमध्ये ते सुमारे ८.८ मिमी येते, म्हणून ९ मिमीचा रूळ चालतो. त्याला आलेला आराखडा त्याने मला दाखवला, तेव्हा त्यात १२ मिमीचा रूळ, १५० मिमीची शेड आणि माझ्या टेबलासाठीचे वळण होते. माझ्या दुरुस्त्यांनी तो कागद अधिक खरा दिसू लागला होता आणि त्यावर भाळून त्या मुलाने आपली साठवण दिली होती. स्वतःच्या नुकसानीपेक्षा मला याचे दुःख अधिक झाले. छायाचित्रेही आम्ही दोघांनी मिळून शोधली. प्रतिमा-शोध केल्यावर ती परदेशातील एका छंदिष्टाची, कित्येक वर्षांपूर्वीची निघाली. बिलावरील जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा होता, आणि जीएसटी पोर्टलवर तो एका कापड व्यवसायाच्या नावे दिसला. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आम्ही तक्रार नोंदवली. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असतानाच तक्रार पोहोचली तर रक्कम थांबवता येते. मात्र वाट पाहण्यात महिने गेलेले असल्याने खाती रिकामी झाली होती. सायबर शाखेतील अधिकाऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. पार्सल पोहोचलेले असल्याने समोरचा माणूस याला मालाच्या दर्जाचा वाद ठरवू पाहील, हे त्यांनी समजावले आणि वजनासह केलेले चित्रण जपून ठेवायला सांगितले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, विक्रेता कुठल्याही शहरातला असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही दोघेही तो अर्ज तयार करत आहोत.

किट मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून अर्धवट जुळवलेल्या मॉडेलचे, शेजारी स्टीलची पट्टी आणि त्या दिवसाचे वर्तमानपत्र ठेवून काढलेले छायाचित्र मागावे. आराखड्यात चूक दिसली तर लगेच बरोबर माप सांगू नये. ते त्यालाच विचारावे आणि गाड्याला किती जागा सोडली आहे ते त्याच्या तोंडून ऐकावे. माझ्या हातचा तो आराखडा अजून फिरत असणार. शेड १५० मिमी लांब, साइडिंग १२ मिमीची, वळण डावीकडे, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात टेबलाच्या पायासाठी सोडलेली चौकोनी खाच आहे, जिचा आरा गिरणीशी काहीही संबंध नाही. हा कागद ज्यांच्याकडे आला असेल त्यांनी पैसे पाठवले असल्यास त्याच दिवशी १९३० वर फोन करावा आणि कागद ज्या क्रमांकावरून आला तो तक्रारीत अवश्य लिहावा.