शिशाचा सफेदा, जस्ताचा सफेदा की टायटॅनियम? जुन्या वाड्याचं लाकूड रंगवण्याआधी

२०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय. नाशकात पंचवटीत, जुन्या तांबट लेनमध्ये किंवा सराफ बाजाराच्या बाजूला तुमचा सागवानी वाडा असेल, तर दारं-खिडक्या रंगवायचा विषय घरात निघालाच असेल. जुना रंगारी सांगेल, “लाकडाला शिशाचा सफेदाच हवा.” त्याचं म्हणणं रसायनाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. तरीही ते ऐकू नका.

सफेदा म्हणजे रंगात घालायची पांढरी पूड. शिशाचा सफेदा म्हणजे दोन भाग शिशाचं कार्बोनेट आणि एक भाग शिशाचं हायड्रॉक्साइड यांचं मिळून झालेलं संयुग. पूर्वी हॉलंडात तो करताना शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत आणि शेणखताच्या उबेत आठवडेच्या आठवडे ठेवत. खतातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट बनवायचा. पण लाकडावरचं खरं काम करतं ते त्यातलं हायड्रॉक्साइड. ते अल्कधर्मी असल्यामुळे जवसाच्या तेलातल्या मेदाम्लांशी त्याची अभिक्रिया होते आणि शिशाचे साबण तयार होतात. त्यामुळे तेल लवकर वाळतं आणि रंगाचा पापुद्रा चिवट, लवचीक होतो. आषाढात लाकूड फुगतं, चैत्रात आकसतं, आणि हा रंग न तडकता त्याच्यासोबत ताणला जातो.

या हायड्रॉक्साइडचा स्वभाव कॉलेजच्या प्रयोगशाळेत छान दिसतो. लेड नायट्रेट या शिशाच्या क्षाराच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडलं की पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, खाली बसतो. आणखी सोडत राहिलं की तोच विरघळून द्रावण पुन्हा नितळ होतं. आम्लाशीही जुळतं, अल्कलीशीही, म्हणून ते उभयधर्मी. जस्ताचं हायड्रॉक्साइडही अगदी असंच वागतं. दोघांतला फरक कळतो तो अमोनियात: जादा अमोनियात जस्ताचा अवक्षेप विरघळतो, शिशाचा तसाच राहतो. तिसरी पांढरी पूड, टायटॅनियम डायऑक्साइड, मात्र या सगळ्याला दादच देत नाही. तेलाच्या आम्लांशी त्याचं काही देणंघेणं नसतं. निवड करताना मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जस्ताचा सफेदा, म्हणजे झिंक ऑक्साइड, शिशासारखेच साबण तयार करतो, पण त्याचा पापुद्रा कडक होतो. नुसता जाड थर दिला तर काही वर्षांत बारीक भेगा पडतात. त्याच्या दोन गोष्टी मात्र नाशकात उपयोगी आहेत. एक, तो बुरशी धरू देत नाही; गोदाकाठच्या ओलसर भिंतींलगतच्या चौकटींना याची गरज असते. दुसरं, तो काळा पडत नाही. उघड्या गटाराजवळ हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याने शिशाच्या सफेद्याचं काळं शिसे सल्फाइड होतं. जस्ताचं सल्फाइड पांढरंच असतं.

झाकण्याच्या ताकदीत टायटॅनियम दोघांच्याही पुढे. तेलाचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाश किती वळवतो त्याचं माप) साधारण १.५, शिशाच्या आणि जस्ताच्या सफेद्याचा २ च्या आसपास, तर रुटाइल जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे २.७. हा फरक जितका मोठा, तितका खालचा डाग कमी दिसतो. पण ते तेलाला काहीच मदत करत नसल्यामुळे थर टिकणार की नाही, हे डब्यातल्या रेझिनवर, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थावर ठरतं. उन्हाच्या बाजूला रुटाइलच हवं. टायटॅनियमच्याच दुसऱ्या, अ‍ॅनाटेज जातीचा रंग लवकर भुकटीसारखा हाताला लागतो.

आता शिशाला नकार का. सफेद्याच्या वजनात जवळपास ८० टक्के शिसं असतं. भारतात २०१६ च्या नियमांनुसार घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग (९० पीपीएम), म्हणजे ०.००९ टक्के आहे. शरीरातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या आतड्यातून ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं, हाडांत साठतं आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. जुन्या तैलचित्राची डागडुजी करणारा तज्ज्ञ ते वापरेल. जिथे रांगतं मूल आहे त्या घरात ते नको म्हणजे नको.

आणि नवा डबा कितीही निर्धोक आणलात, तरी धोका जुन्या थरांत दडलेला असतो. पोपडे निघालेल्या खिडकीवर नखाएवढा भाग तिरका खरवडून बघा, खाली पांढरे-हिरवे पाच-सहा पदर दिसतील. त्यांवर सोडियम सल्फाइडच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकल्यावर पांढरा पदर काळवंडला, तर तिथे शिसं आहे असंच धरून चाला. ही चाचणी हवेशीर जागी, आम्लापासून लांब आणि जाणकाराकडूनच करून घ्या. गणेशपट्टीवरच्या शेंदरालाही हीच काळजी लागते, कारण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. असा रंग कोरडा घासायचा नाही, ब्लो लॅम्पने जाळायचा तर मुळीच नाही. पाणी मारून ओला खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, रंगाऱ्याला धूळ अडवणारा चांगला मास्क द्या आणि मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा. निघालेले पोपडे नदीत किंवा कुंड्यांत टाकू नका. जिथे रंग घट्ट बसलाय तिथे तो न उकरता वरून झाकणं जास्त शहाणपणाचं.

माझी निवड अशी: उघड्या सागवानाला जस्त असलेल्या वुड प्रायमरचे दोन पातळ हात, मग लांबी (पुट्टी) भरून वर रुटाइल टायटॅनियमचा बाहेरच्या वापराचा इनॅमल. नक्षी असलेल्या खांबांवर मात्र पांढरा रंग देऊच नका, जवसाचं तेल पुरेसं आहे. दुकानात सुट्टा ‘सफेदा’ मागू नका. बंद डबा घ्या, त्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असल्याचं छापलंय का ते वाचा आणि पक्कं बिल घ्या.